पासिंग झालेली बुलेट आणि भरवशाची बुलेट

रत्नागिरी जिल्ह्यात जुनी मोटारसायकल अजून कामाची वस्तू आहे. उजव्या पायाला गिअर असलेली बुलेट घेऊन कामावर जाणारी माणसं रत्नागिरीत, लांज्यात, देवरुखात आजही भेटतात. कुणाच्या पडवीत वडिलांची येझदी उभी असते, कुणी बागेत फेऱ्या मारायला आरएक्स १०० ठेवलेली असते. या गाड्यांविषयी बोलणं निघालं की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, ते लोखंड होतं, आताच्या गाड्यांना त्याची सर नाही. दुसरा म्हणतो, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी, उगाच लोकांच्या जिवाशी खेळ नको. दोघंही गाडीचं वय बघतात. तिची अवस्था कुणीच बघत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मुळात इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे का, हा एक. ती भरवशाची आहे का, हा दुसरा. रोज सकाळी पहिल्या किकला सुरू होणाऱ्या बुलेटचा कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला असू शकतो, मागचा टायर टणक झालेला असू शकतो. ती भरवशाची आहे, पण निवळी घाट उतरताना चालवणाऱ्याला आणि समोरून येणाऱ्याला तिच्यापासून धोका आहे. उलट ब्रेक, दिवे, टायर, चेसिस सगळं उत्तम असलेली गाडी एका कंडेन्सरपायी हातखंब्याला बंद पडते. ती सुरक्षित आहे, भरवशाची नाही. आपण जिला पासिंग म्हणतो ती तपासणी पहिल्या प्रश्नाला जेमतेम हात लावते. दुसरा प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाही.

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ४१व्या कलमाप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपताना २५ नंबरचा फॉर्म भरायचा, विमा आणि पीयूसी जोडायची आणि गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करायची. पास झाली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते आणि पुढे दर ५ वर्षांनी हेच. म्हणजे पंधरा वर्षं भरली की गाडी आपोआप बाद होते, हा समज महाराष्ट्रात तरी खरा नाही. तो पसरला दिल्लीमुळे. हरित लवादाच्या २०१४-१५ मधल्या आदेशांनी दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली, आणि त्या बातम्या वाचून इथल्या लोकांनीही चांगल्या गाड्या मिळेल त्या भावात काढून टाकल्या. २०२१ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेलं वाहन मोडीत काढण्याचं धोरणसुद्धा खासगी गाडीपुरतं ऐच्छिक आहे.

मात्र जुनी गाडी ठेवणं महाग करत नेण्याकडे सरकारचा कल स्पष्ट दिसतो. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली. मुदत उलटली तर दर महिन्याला ३०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी नूतनीकरणाची फी २,००० झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर दुचाकीला ५ वर्षांचा २,००० रुपये आहे. १५० ते ३५० सीसी गटाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला १,३६६ रुपये पडतो आणि ३४६ सीसीची बुलेट त्याच गटात बसते. हे पैसे भरायला माझी हरकत नाही. रस्ता वापरायचा तर त्याचं देणं द्यावं. पण एवढं घेतल्यावर गाडी नीट तपासून तरी द्या, एवढीच मागणी आहे.

पासिंगला काय होतं? चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात, इंजिन नंबर ताडून बघतात. हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर, आरसा, नंबर प्लेट पाहतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग हे सगळं नियमांत आहेच. पण दुचाकीच्या बाबतीत ते बहुधा उभ्या गाडीवर, नजरेने आणि हाताने तपासलं जातं. ब्रेकची पकड किती, हे रोलरवर मोजून आकड्यात लिहिलं जात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले आणि तिथे यंत्रावर मोजमाप होतं, पण त्या सगळ्या व्यवस्थेचा भर ट्रक, बस, टेम्पो अशा व्यावसायिक वाहनांवर आहे. खासगी दुचाकीच्या मालकाच्या हाती शेवटी पडतं ते एकच उत्तर: पास किंवा नापास. कोणता भाग कितपत झिजला आहे, पुढच्या वर्षी कशाकडे बघावं लागेल, याचा कागद त्याला मिळत नाही.

पीयूसीचा कागद मिळतो, त्यावर आकडेही असतात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या गाड्यांना ३.५ टक्के, आणि हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला ६,००० व फोर-स्ट्रोकला ४,५०० पीपीएम. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला हा कागद दर ६ महिन्यांनी नवा लागतो. ही मोजणी गाडी आयडलिंगला असताना होते. त्यामुळे कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू थोडा फिरवला की बुलेट आरामात पास होते, आणि गॅरेजच्या दारात तो स्क्रू पुन्हा जागेवर आणता येतो. घाट चढताना ती किती धूर ओकते ते त्या कागदावर उमटत नाही. तरीही मी पीयूसीला निरुपयोगी म्हणणार नाही. आयडलिंगला हायड्रोकार्बन फार आलं तर प्लग मिसिंग करतोय, रिंगा गेल्यात किंवा व्हॉल्व्ह बसत नाही, एवढं नक्की कळतं. वाचणाऱ्याला तो कागद डॉक्टरच्या रिपोर्टाइतका बोलतो. आपण तो टाकीच्या कव्हरात कोंबून ठेवतो.

बाहेरच्या देशांत हीच गोष्ट कशी चालते? ब्रिटनमध्ये मोटारसायकल ३ वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी नावाची चाचणी. जर्मनीत दर २ वर्षांनी. जपानमध्ये २५० सीसीवरच्या गाडीला नवी असताना ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी. फ्रान्सने बरीच वर्षं टाळाटाळ करून अखेर १५ एप्रिल २०२४ पासून दुचाकींची तपासणी सुरू केली. यातलं ब्रिटनचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट ब्रिटनला जाऊ लागली. म्हणजे मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून निघालेली एक बुलेट इंग्लंडात वर्षाला एकदा तपासली जात होती आणि तिचीच बहीण रत्नागिरीत पंधरा वर्षांनी पहिल्यांदा निरीक्षकासमोर उभी राहत होती. ब्रिटनमध्ये नापास झालेल्या गाडीचा प्रत्येक दोष लिहून मिळतो, आणि देशभरातले निकाल, कुणाचं नाव न देता, सर्वांसाठी खुले असतात. त्यांत मोटारसायकलींच्या दोषांमध्ये दिव्यांचा नंबर वरचा लागतो. ब्रेक, टायर, स्टिअरिंग-सस्पेन्शन हे बाकीचे नेहमीचे मानकरी. इंजिन त्या यादीत जवळपास येतच नाही, कारण इंजिन बंद पडल्याने माणूस मरत नाही, तो चालत घरी जातो.

२० मे २०१८ पासून ब्रिटनने ४० वर्षांवरच्या गाड्यांना या चाचणीतून सूट दिली. अशा गाड्या कमी चालतात आणि मालक त्यांना जपतात, हे त्यामागचं कारण. फार बदल केलेल्या गाडीला ही सूट नाही. हा विचार तिथे ठीक असेल, पण तो आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडची चाळीस वर्षांची बुलेट रविवारपुरती बाहेर निघत नाही, ती तांदळाचं पोतं घेऊन बाजारातून येते. शिवाय इथली हवा वेगळी आहे.

हवेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण कोकणातल्या जुन्या गाडीचा खरा परीक्षक तीच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण नुसत्या पावसाने गाडी एवढी सडत नाही. सडते ती खाऱ्या वाऱ्याने. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, आरे-वारे या पट्ट्यात वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी त्या मिठाखालचा पत्रा ओला असतो. मिरकरवाड्यातून निघणाऱ्या मासळीच्या गाड्यांचं पाणी रस्त्यावर सांडतं, ते चाकांनी उडून मडगार्डच्या आत बसतं, ते वेगळंच. त्यामुळे समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत राहणारी बुलेट आणि साखरप्याला राहणारी त्याच सालची बुलेट यांची अवस्था सारखी असत नाही. कायद्याच्या लेखी दोघी एकाच वयाच्या.

बुलेटवर गंज शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅटरीच्या डब्याखालचा भाग, कारण तिथे ॲसिड आणि मीठ एकत्र येतं. स्टँडचं लग. मागच्या मडगार्डची आतली बाजू. रिममध्ये स्पोकच्या निप्पलभोवतीचा घेर, जो टायर-ट्यूब काढल्याशिवाय दिसतच नाही. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतो तिथे पांढरी भुकटी धरते आणि पुढे तो बोल्ट फिरत नाही, तुटतो. सगळ्यात महत्त्वाचं चेसिस. बुलेटच्या चेसिसला खालून पूर्ण कडी नसते. पुढच्या नळीपासून मागपर्यंतचा दुवा इंजिनच जोडतं. इंजिनचे फाउंडेशन बोल्ट ढिले राहिले की थरथर वाढते, आणि जोडाजवळ बारीक चीर पडते. ती चीर कशी ओळखायची? रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला तांबूस ओघळ. कापडाने पुसला तरी आठवड्याभरात परत दिसतो.

म्हणूनच नुकती पावडर कोटिंग केलेली, आरशासारखी चकचकीत जुनी गाडी विकत घेताना मी सर्वात जास्त सावध राहीन. जाड कोटिंगखाली गंजलेली नळी, वेल्डिंगचं ठिगळ, दोन्ही छान झाकून जातात. जुना, मळलेला, पण अखंड रंग असलेली गाडी बघणाऱ्याशी जास्त खरं बोलते.

दिव्यांचं दुखणंही याच हवेतून येतं. हेडलाइट मंद झाला की लोक बल्ब बदलतात, मग बॅटरी, मग कॉइल. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो. चेसिसला जोडलेल्या वायरीच्या टोकाशी गंज आणि रंग साचलेला असतो, पितळी जोडांवर हिरवट थर असतो. सँडपेपरने घासून, चकचकीत करून, वर ग्रीस लावलं की सहा व्होल्टची जुनी बुलेटसुद्धा रस्ता दाखवू लागते. तरी सहा व्होल्ट आजच्या महामार्गाला अपुरेच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता राहतो, तो समोरच्याला दिसावं म्हणून. जुन्या गाडीला ती सक्ती नाही, पण पावसाच्या पडद्यात काळी बुलेट दिसत नाही ही अडचण तिलाही आहेच. बारा व्होल्टचा बदल ज्यांना शक्य आहे त्यांनी करावा. मूळपण जपण्याचा आग्रह मला इथे पटत नाही.

आता ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आहे, त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. जुन्या बुलेटला पुढे-मागे ड्रम. आंबा घाट, कुंभार्ली, परशुराम घाट उतरताना भर पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला दाब फुकट जातो. जाणता माणूस उताराला लागण्याआधी दोन-तीनदा हलका ब्रेक लावून लायनर सुकवून घेतो. झिजलेला ड्रम ओळखायची एक सोपी खूण आहे: ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा आर्म आणि रॉड यांच्यातला कोन काटकोनापलीकडे गेला तर आत लायनर संपलेला आहे किंवा कॅम झिजला आहे. नट आवळून पेडल वर आणलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटेल, पण जोर पोचणार नाही. पासिंगच्या दिवशी असा नट आवळून काम भागतं.

उजव्या गिअरच्या बुलेटला आणखी एक धोका आहे, तो कुठल्याच फॉर्मवर येत नाही. तिचा मागचा ब्रेक डाव्या पायात. घरात दुसरी नवी मोटारसायकल असेल तर तिचा उजव्यात. अचानक कुत्रं आडवं आलं की पाय सवयीने चुकीच्या बाजूला जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. ज्यांच्या घरात दोन्ही गाड्या आहेत त्यांनी बुलेट अधूनमधून चालवण्यापेक्षा एकतर रोज चालवावी किंवा गर्दीच्या रस्त्यावर नेऊ नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. एवढ्या मृत्यूंच्या देशात दुचाकीची ब्रेक-तपासणी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा व्हावी, हे मला कुठल्याच तर्काने समजत नाही.

टायरचं थोडक्यात सांगता येईल. जुनी गाडी कमी चालते, म्हणून नक्षी शाबूत दिसते. पण रबर वयाने कडक होतं आणि ओल्या जांभ्याच्या चिखलावर ते घसरतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१४ असेल तर तो टायर २०१४ च्या २३व्या आठवड्यातला, आणि त्याची नक्षी कितीही ताजी दिसो, तो बदलायचाच.

इंजिनाच्या भरवशाकडे येतो. ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट २००९-१० च्या सुमारास बंद झाली आणि नव्या जोड इंजिनाची आली. जुन्या इंजिनाबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं प्रेम आहे आणि निम्मं खरं. ते इंजिन बंद पडतं, आणि बऱ्यापैकी वारंवार पडतं. पण ते कशाने बंद पडतं हे कळतं, आणि रस्त्याच्या कडेला बसून पान्याने, स्क्रूड्रायव्हरने ते सुरू करता येतं. सेन्सरवाली आजची गाडी क्वचितच थांबते, पण थांबली की टेम्पोत घालून न्यावी लागते. राजापूर आणि लांज्याच्या मधल्या एखाद्या वळणावर, रात्री, रेंज नसताना यातलं कोणतं बरं, हे ज्याचं त्याने ठरवावं. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला मी जुनी बुलेट घे असं कधीच सांगणार नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणारा आणि हाताला काळं लागायला न लाजणारा माणूस तिच्यावर पूर्ण विसंबून राहू शकतो.

तिच्या दुखण्यांची यादी मोठी नाही. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ती बिघडली की किक उलटी मारते, नाहीतर गाडी मिसिंग करते. व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग थंड इंजिनावर, पिस्टन वर असताना करायचं, आणि त्याला फिलर गेज लागत नाही: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. ऑइल गळती ही तिची बदनामी. बऱ्याचदा तिचं कारण एक छोटा रबरी तुकडा असतो, ब्रीदरच्या नळीला लावलेला, ज्याला गॅरेजात डकबिल म्हणतात. तो कडक झाला की क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ऑइल मिळेल त्या जोडातून निघतं. लोक गास्केटवर गास्केट बदलत राहतात. प्रायमरी चेनचं झाकण मधल्या एकाच नटवर बसतं; गळती थांबावी म्हणून तो नट जोरात आवळला की झाकण वाकतं आणि गळती कायमची होते. सर्वात नाजूक जागा म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक. तिथे बऱ्याच गाड्यांत तरंगता बुश असतो आणि त्याला स्वच्छ ऑइल वेळेवर लागतं. ऑइल बदलायला आळस केला की तोच आधी जातो, आणि मग फुल इंजिन काम.

किक मारण्यातही समज लागते. अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, म्हणजे पॉइंट उघडला. मग डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून किक थोडी पुढे न्यायची, सोडायची, आणि मग एकच किक. नवशिका घाम गाळतो आणि गाडीला दोष देतो.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी येझदी टिकून आहेत, कारण त्या टू-स्ट्रोक इंजिनात हलणारे भाग मुळातच कमी. त्यांचं मरण क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. उभी राहून राहून सील सुकतं, हवा ओढली जाते आणि पिस्टन पकडतो. १९८५ ते १९९६ मधली आरएक्स १०० इंजिनाने चोख आहे, पण आता तिचे भाव इतके चढले आहेत की दोन-तीन गाड्यांची जोडून एक केलेली गाडी विकली जाते. चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा तिथे खरोखर कामाला येतो. राजदूत ३५० घेऊन घाटात जाणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवावं की भारतात ती बनवताना पुढची डिस्क काढून ड्रम दिला होता. तिचा वेग तिच्या ब्रेकला झेपत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा शहरातल्या असंख्य दुचाकी बुडाल्या. या पुराने जुन्या-नव्याचा वाद एका वेगळ्या बाजूने तपासून दिला. पुरातून निघालेल्या गाडीला किक मारायची नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल सोडायचं, डिझेलने धुऊन पुन्हा भरायचं, थोडं चालवून पुन्हा सोडायचं, दुधाळपणा जाईपर्यंत. ड्रम, बेअरिंग, चेन सगळं उघडून गाळ काढायचा. लोखंडी बुलेटवर हे सगळं करता येतं आणि ती परत चालते. वायरिंगमध्ये संगणक बसवलेल्या गाडीत गाळ शिरला की खर्च गाडीच्या किमतीजवळ जातो. पण इथे एक सावधगिरी हवी. पुरातून वाचलेली जुनी गाडी चालू झाली म्हणजे बरी झाली असं नसतं. चेसिसच्या नळ्यांमध्ये शिरलेला गाळ तिथेच राहतो, आतून ओलावा धरतो, आणि नळी बाहेरून ठणठणीत दिसत असताना आतून खाल्ली जाते. पुरात सापडलेल्या गाडीची नोंद आरसीवर यायला हवी असं मला वाटतं. आज विकत घेणाऱ्याला ती कळायचा काही मार्ग नाही.

अलीकडे भरवशावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडे झालं. इथेनॉल पाणी शोषतं. कोकणच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली की तळाशी पाण्याचा थर धरतो, टाकी आतून गंजते, जेट चोंदतात. जुनी रबरी नळी, फ्लोटच्या सुईचं टोक, कॉकचे वायसर फुगतात किंवा चिकट होतात. यावर उपाय साधे आहेत: गाडी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून, किंवा पूर्ण रिकामी आणि सुकवून, कार्बोरेटरची वाटी सोडून, आणि रबर सगळं नव्या प्रतीचं. पावसाळ्यात गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची जी पद्धत आहे ती मात्र बंद करावी. आत वाफ धरते आणि चार महिन्यांत क्रोम जातं. सुती चादर आणि वारा खेळता राहील अशी पडवी, एवढं पुरतं.

सुट्या भागांचं काय? बुलेटचे भाग मिळतात, त्याची ददात नाही. ददात आहे ती प्रतीची. बाजारात मिळणारा नवा कंडेन्सर, नवा पॉइंट, नवं बेअरिंग पूर्वीच्या मूळ भागाएवढं टिकत नाही, आणि जुन्या गाडीच्या नावावर खपणाऱ्या बिघाडांपैकी बरेच या नव्या स्वस्त भागांचे असतात. चांगल्या अवस्थेतला जुना भाग फेकू नका, असं जाणते मेकॅनिक सांगतात ते म्हणूनच. बोअरिंग, क्रँक प्रेस करणं अशी कामं घेऊन लोक आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात. तिथल्या लेथवरचा हात अजून आहे. पॉइंट कानाने लावणाऱ्या मेकॅनिकांची पिढी मात्र साठीच्या पुढे गेली आहे, आणि त्यांच्या हाताखाली आलेली मुलं स्कॅनर शिकतात. त्यात मुलांचा दोष नाही. पोट स्कॅनरवर भरतं. तरीही जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये एक जुनी बुलेट उभी करून पोरांना ती उघडायला दिली, तर इंजिन म्हणजे काय हे त्यांना जितकं कळेल तितकं चित्रांनी कळणार नाही.

आता नियमांतली एक मोठी उणीव. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण तिने रोज रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतंच. चेसिस, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. हा नियम संग्राहकांसाठी चांगला आहे. १९८२ ची बुलेट रोज चालवणाऱ्या शिक्षकाला त्याचा काही उपयोग नाही. त्याची गाडी नियमांच्या दृष्टीने फक्त म्हातारी आहे, आणि तिच्यासाठी आहे ती वाढती फी. जर्मनीत ३० वर्षांची, मूळ अवस्थेतली गाडी वेगळी नोंदली जाते, तिला रोज चालवता येतं आणि तपासणी मात्र इतरांसारखीच, दर २ वर्षांनी. मला तोच मार्ग आपल्याला योग्य वाटतो.

बदल केलेल्या गाड्यांना मात्र यात जागा नसावी. मडगार्ड कापून, रुंद टायर लावून, कान फाडणारा सायलेन्सर बसवून जुन्या बुलेटला जे रूप देतात त्याला कायद्याच्या ५२व्या कलमाने आधीच बंदी आहे, आणि ९ जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते आणखी ठाम झालं. अशा गाड्यांमुळे सगळ्याच जुन्या बुलेटवाल्यांकडे पोलीस संशयाने पाहतात.

तपासणी कशी असावी याबद्दल माझ्या मनात गुंतागुंतीचं काही नाही. १५ वर्षांनंतर दर २ वर्षांनी, आणि किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत शक्यतो मे महिन्यात, म्हणजे पावसाआधी. पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे सावकाश फिरवायचं, मध्यावर खाच जाणवते का बघायचं. चाकं फिरवून रिम आउट आहे का, स्पोक ढिले आहेत का ते पाहायचं. स्विंगआर्म धरून हलवायचा. ब्रेक यंत्रावर मोजायचे आणि आकडा लिहायचा. चेसिसचे जोड टॉर्चने बघायचे. टायरचे चार आकडे नोंदवायचे. सगळ्या दोषांची चिठ्ठी मालकाच्या हातात द्यायची, गंभीर दोषांसाठी पंधरा दिवसांची मुदत आणि फेरतपासणी. आणि त्या चिठ्ठ्यांतले आकडे, नावं काढून, तालुकावार दर वर्षी लोकांसमोर ठेवायचे. दापोलीच्या आणि देवरुखच्या गाड्यांत फरक किती, सहा व्होल्टच्या गाड्या दिव्यांवर किती नापास होतात, पुरातल्या गाड्यांच्या चेसिसचं पाच वर्षांनी काय झालं, हे त्यातून कळेल, आणि २,००० रुपये फी कुणावर लावायची आणि कुणाला सोडायचं ते ठरवताना समोर गाडीच्या जन्मसालाखेरीज आणखीही काही असेल.